समुद्राची बाराखडी

आपल्याकडच्या कोणत्याही सहा वर्षांच्या मुलाच्या हाती रंगीत खडूंची पेटी द्यावी आणि म्हणावे, "बाळ, समुद्र काढ पाहू." तो काय काढील हे सांगायला ज्योतिषी नको. खाली निळी पट्टी, तिच्यावर नागमोडी रेघा, एक शिडाचे होडके, दोन माड आणि अर्धा बुडालेला सूर्य. चित्रकार उदार मनाचा असला तर पाण्यात एक मासा, आणि तोही हसणारा. या चित्रात चूक अशी काही नाही. पण मौज ही, की रत्नागिरीचे मूल आणि नागपूरचे मूल अगदी हेच चित्र काढते. एकाच्या परसापर्यंत उधाणाचे पाणी येते, दुसऱ्याने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. आणि तरी दोघांच्या वहीतला समुद्र एकच!

याचे कारण शोधायला लांब जायला नको. आपण मुलांना समुद्र शिकवतो तो सरहद्द म्हणून. 'पश्चिमेस अरबी समुद्र' एवढे वाक्य पाठ झाले की समुद्र संपला. पुढे वरच्या इयत्तेत किनाऱ्याची लांबी येते. ७२० किलोमीटर हा आकडा आपण सगळ्यांनी घोकला. अलीकडे खाड्यांची वळणे आणि किनाऱ्याचे खाचखळगे अधिक बारकाईने मोजले, तेव्हा तो पावणेनऊशेच्या घरात गेला. आकडा वाढला, पण मुलाच्या मनातली निळी पट्टी होती तेवढीच राहिली. वस्तुतः पृथ्वीच्या पाठीचा सुमारे ७१ टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे. हवेतला जो प्राणवायू आपण घेतो, त्यातला अर्ध्याच्या आसपास समुद्रातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींनी तयार केलेला असतो. म्हणजे विदर्भातल्या मुलाचाही प्रत्येक दुसरा श्वास समुद्राकडून आलेला आहे असे म्हणायला हरकत नाही. ज्याच्या जिवावर आपण जगतो त्याची ओळख मुलाला करून द्यायची, ती केवळ 'जमीन इथे संपते' एवढ्याच शब्दांत?

देवघरातला समुद्र

"पण आम्ही सोलापूरला राहतो. मुलांना समुद्र दाखवायचा कुठून?" असे एका पालकांनी मला विचारले होते. मी म्हटले, "आधी घर हुडका." आणि खरोखरच, महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या घरात समुद्र केव्हाचा येऊन बसलेला असतो. देवघरात शंख असतो. आजीच्या पेटीत सारीपाटाच्या कवड्या असतात. कुणाच्या बोटात मोती, कुणाच्या गळ्यात पोवळे. स्वयंपाकघरात मीठ तर असतेच असते. आता मुलाला एवढेच सांगायचे, की शंख हे कुणाचे तरी घर होते. आत मऊ अंगाचा एक प्राणी राहत असे आणि तो जसजसा वाढला तसतसे त्याने आपल्याच अंगातून हे घर वाढवत नेले. कवडीचेही तेच. ज्या कवडीवर आपण दान टाकतो, ती कधी काळी समुद्राच्या तळाशी चालत होती! मुलाचे डोळे मोठे होतात ते इथे. पोवळ्याची हकीकत आणखी निराळी. दागिन्यातले तांबडे पोवळे आपल्या समुद्रातले नव्हेच. ते भूमध्य समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या हातून हात बदलत आपल्याकडे आले. एका मण्याच्या निमित्ताने भूगोलाचा आणि इतिहासाचा एकेक धडा पदरात पडतो.

मिठाचा प्रयोग तर पाच वर्षांच्या मुलालाही करता येतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ढोबळमानाने सहा-सात लहान चमचे. तेवढे मीठ लिटरभर पाण्यात विरघळवावे आणि बोट बुडवून मुलाला चाखायला द्यावे. तोंड वेडेवाकडे होईल. पण समुद्राची चव त्याला आयुष्यभर समजली. उरलेले पाणी पसरट ताटलीत उन्हात ठेवले, की दोन दिवसांत ताटलीच्या तळाशी पांढरी साय धरते. मग उरण-पेणच्या मिठागरांत काय चालते ते वेगळे सांगावे लागत नाही.

नावात काय नाही?

मी मराठीचा शिक्षक. त्यामुळे कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिच्या नावाकडे लक्ष जाते. समुद्राच्या बाबतीत आपल्या भाषेने मुलांसाठी मोठे गमतीचे खेळ मांडून ठेवले आहेत. देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसाने श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. तारामासा हाही मासा नव्हे. त्याला ना कल्ले, ना पाठीचा कणा. इंग्रजीतून आलेल्या जेलीफिशच्या नावातही मासा आहे आणि अंगात नाही. आमच्या कोकणात तिला झार म्हणतात. ती अंगाला लागली तर आग आग होते. मुलांपुढे कोडे घालावे : 'नावात मासा, पण मासा नाही, असा कोण?' उत्तर शोधता शोधता मासा म्हणजे काय याची व्याख्या मुले आपल्या आपणच तयार करतात. पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा ती पक्की असते.

काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेन नावाची एक पांढरी, हलकी, बोटाने खरवडली जाणारी वस्तू मिळते. नाव किती सुंदर! लाटांचा फेस वाळून दगड झाला असावा असे वाटायला लावणारे. प्रत्यक्षात तो माकुळाच्या पाठीतला आतला शिंपला. त्यात बारीक बारीक पोकळ्या असतात, आणि त्यांतल्या हवेच्या नि पाण्याच्या प्रमाणावर माकूळ पाण्यात वर-खाली होते. पूर्वजांनी किनाऱ्यावर वाहून आलेली वस्तू पाहिली आणि तिला कवीसारखे नाव दिले. शास्त्रज्ञांनी तिचा धनी शोधला. मुलांना मी दोन्ही सांगतो. एक खोटे म्हणून टाकायचे आणि दुसरे खरे म्हणून घ्यायचे असे नव्हे. पहिल्यात पाहण्याचा आनंद आहे, दुसऱ्यात शोधण्याचा. लहान मुलाला दोन्हींची भूक असते.

शनिवारी अकरा वाजता समुद्र नसतो

आता किनाऱ्यावरची गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या बालवाडीने गेल्या वर्षी मुलांची समुद्रसहल ठरवली. मला गोष्टी सांगायला बोलावले होते. बाईंनी शनिवार, सकाळी अकरा, अशी वेळ नेमली. डबे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, सगळी तयारी झाली. एका मुलीची आजी तिला न्यायला आली होती. ती कालवे काढणारी बाई. तिने दारातूनच विचारले, "शनवारी तिथ कंची?"

कुणाला ठाऊक नव्हते. कॅलेंडर पाहिले, चतुर्दशी निघाली. आजी हसली. "मग अकराला पानी भिंतीला लागलेलं आसंल. पोरांना दावनार काय, लाटा?"

कोकणातले हे गणित फार जुने आणि फार सोपे आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा. भरतीनंतर सहा तास आणि थोडी मिनिटे गेली की ओहोटी. या गणिताचे मूळ आकाशात आहे. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही तेवढीच मागे सरकते; वाडवडिलांनी हिशेबाच्या सोयीसाठी पाऊण तास धरला. जागेप्रमाणे घटका-अर्धी घटका इकडेतिकडे होते, पण सहलीसाठी एवढे पुष्कळ झाले. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते; पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणून किनारा बघायचा तर उधाणाच्या दिवसांतली सकाळची ओहोटी गाठावी.

सहल शनिवारची बुधवारवर गेली. वद्य तृतीया, सकाळी आठ. आणि आजीही बरोबर आली.

एरवी जिथे पाणी असते तिथे काळी खडपे उघडी पडली होती आणि त्यांच्या खाचांत पाण्याच्या लहान लहान बशा साचल्या होत्या. मुलांना आम्ही एकच नियम घातला : बसायचे आणि हलायचे नाही. पहिली दोन मिनिटे काहीच दिसत नाही. नुसते पाणी, नुसता दगड. मग एक शंख चालू लागतो. नीट पाहावे तो त्याला पाय! शंखाचा मूळ मालक केव्हाच मेलेला असतो आणि त्या रिकाम्या घरात एक खेकडा बिऱ्हाड करून राहिलेला असतो. त्याचे पोट मऊ असते, त्याला कवच नसते. म्हणून तो दुसऱ्याचे घर पाठीवर घेऊन हिंडतो. मोठा झाला की घर अपुरे पडते आणि तो मोठे घर शोधू लागतो. "म्हणजे आमच्यासारखंच," एक मुलगा म्हणाला. त्याच्या वडिलांनी नुकतीच जागा बदलली होती. मग खिसे भरून शंख गोळा करणाऱ्या मुलांना बाईंनी विचारले, "ही सगळी घरं आपण घेऊन गेलो तर यांनी जायचं कुठं?" कुणालाही रागवावे लागले नाही. खिसे आपोआप रिकामे झाले.

परतीच्या वाटेवर पुळणीवर दुसरे नवल होते. ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी. मधे एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या ओळी. जणू कुणी पहाटे उठून रांगोळी घालून गेले होते. हे काम वाटाण्याएवढ्या खेकड्यांचे. ओहोटी लागली की ते बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेतात, तिच्यातले अन्नाचे कण तेवढे वेचतात आणि उरलेल्या स्वच्छ वाळूची गोळी करून मागे टाकतात. भरती येते आणि सगळी रांगोळी पुसून नेते. पुन्हा ओहोटी, पुन्हा रांगोळी. मुलांनी ती ओलांडताना पाय किती जपून टाकले, ते पाहण्यासारखे होते.

मात्र त्या दिवशीची खरी शिक्षिका आजीच होती. बाईंजवळ रंगीत चित्रांचे पुस्तक होते. त्यातले निम्मे मासे दूरदेशींच्या समुद्रातले. आजी दगडादगडाकडे बोट दाखवून नावे सांगत होती. कालवे, खुबे, मुळे, तिसऱ्या, कुर्ल्या. कुठले खातात, कुठल्याला हात लावू नये, कुठल्या महिन्यात कुठले भरलेले असते. तिची नात वर्गात बोलत नसे. घरी कालवे फोडतात म्हणून तिच्या अंगाला वास येतो असे दोन-तीन मुले म्हणत. त्या दिवशी पाचवे नाव आजीच्या आधी नातीने सांगितले. सहावेही. पुढे खाडीच्या तोंडाशी चिखलात उड्या मारणारी निवटी दिसली. मासा असून पाण्याबाहेर बसते म्हणून सगळे ओरडले, तेव्हा त्या पोरीने शांतपणे तिचे नावही सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी बाईंनी भिंतीवर मोठा कागद लावला आणि तिने सांगितलेली नावे एकाखाली एक लिहिली. तेवीस झाली. 'क' कमळाचा असतो, तसा त्या वर्गात आता 'क' कुर्लीचाही आहे.

शाळेने किनाऱ्याकडे जावे

हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा आसपास जे मिळेल त्यातूनच शिक्षणाची साधने उभी करायची असे त्यांनी ठरवले. पुढे १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यामागचे सूत्र. त्याच काळात, १९५६ साली, अमेरिकेत रेचेल कार्सन या सागरशास्त्राच्या लेखिकेने स्त्रियांच्या एका मासिकात आपल्या भाचीच्या मुलाबरोबरच्या समुद्रकाठच्या भटकंतीविषयी एक लेख लिहिला. तिच्या मृत्यूनंतर १९६५ साली त्याचे पुस्तक झाले. तिचे सांगणे थोडक्यात असे, की लहान मुलाला माहिती देण्याची घाई नको. आधी त्याचे नवल जागे राहू द्या. बोर्डीची बालवाडी आणि अमेरिकेच्या मेन राज्याचा खडकाळ किनारा यांची कधी गाठ पडली नसेल. पण मूल दोन्हीकडे सारखेच असते.

मुंबईकरांची कथा निराळी. तिथल्या कित्येक पिढ्यांना समुद्रातले जीव भेटले ते १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेतून. पण काचेबाहेर, त्याच रस्त्याच्या पलीकडे, खडकांवर केवढे जग आहे हे लोकांना दिसू लागले ते २०१७ पासून, 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने नागरिकांनी ओहोटीच्या वेळी किनारफेऱ्या काढायला सुरुवात केल्यावर. हाजीअली, वरळी अशा गजबजलेल्या ठिकाणी, सांडपाण्याच्या शेजारी, प्रवाळ वाढत होते! २०२० साली किनारी रस्त्याच्या कामासाठी त्यातल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. जे आहे हेच ठाऊक नसते, ते गेल्याचेही कळत नाही. मुलांना समुद्र दाखवायचा तो यासाठी.

ज्यांना किनारा गाठणे अवघड, त्यांनी मासळीबाजार गाठावा. शाकाहारी मंडळींनी नाक दाबून का होईना, पण एकदा मुलाला न्यावे. बांगड्याची पाठ गडद आणि पोट चंदेरी का? वरून पाहणाऱ्याला तो खोल पाण्यात मिसळून जातो आणि खालून पाहणाऱ्याला आकाशाच्या उजेडात. लेप्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे? जन्मतः ते दोन बाजूंना असतात. पिलू वाढू लागले की एक डोळा हळूहळू सरकत दुसऱ्याकडे येतो आणि मग तो मासा आयुष्यभर तळाशी आडवा पडून राहतो. ही गोष्ट ऐकून ज्या मुलाने 'छे!' म्हटले नाही, असे मूल मला अजून भेटायचे आहे.

दुःख किती सांगावे?

आता एक अवघड प्रश्न. किनाऱ्यावर गेले की प्लॅस्टिक दिसते, तेलाचे डाग दिसतात, कधी मेलेले कासवही दिसते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला यातले किती सांगावे? काही उत्साही मंडळी पहिल्याच भेटीत त्याला समुद्राच्या नाशाची सगळी यादी ऐकवतात. मला हे बरोबर वाटत नाही. ज्याच्याशी अजून ओळखही झाली नाही, त्याचे मरण मुलाच्या गळ्यात बांधले तर ते घाबरते, किंवा मान फिरवते. आधी ओळख, मग माया, मग काळजी. हा क्रम माणसांच्या बाबतीत खरा, तसा समुद्राच्याही.

पण म्हणून खोटे बोलावे असेही नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. गावकरी पुढे आले आणि आज तिथे पिले समुद्रात सोडताना पाहायला दूरदूरची मुले येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात. "त्यांची आई कुठाय?" हा प्रश्न हमखास येतो. ती येत नाही, हे सांगावेच लागते. आणि यातली फार थोडी पिले मोठी होतात, हेही. मुले गप्प होतात. मग त्यांना पुढची हकीकत सांगावी : २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीला ओळखपट्टी लावली होती. २०२५ च्या जानेवारीत ती चक्क आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. पूर्वेचा समुद्र आणि पश्चिमेचा समुद्र नकाशावर दोन असतात. तिच्या लेखी एकच. दुःख सांगावे, पण त्याच्या शेजारी असे धैर्यही ठेवावे.

पापलेटचेही तसेच. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा ठरवले. हा केवळ कौतुकाचा प्रकार नव्हता; पापलेट कमी होत चालले आहे, पिलेच जाळ्यात येतात, ही त्यामागची चिंता. मुलाला एवढेच सांगावे : लहान पापलेट विकत घ्यायचे नाही, त्याला आई होऊ द्यायचे. घरातल्या मोठ्यांना बाजारात अडवणारा पहारेकरी तयार झाला म्हणून समजा!

भाऊबीजेची ओहोटी

जाता जाता एक सूचना. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळांना सुटी असेल आणि पुष्कळ मंडळी कोकणात उतरतील. आता गणित करा. दिवाळी अमावास्येची, म्हणजे उधाणाची. भाऊबीज द्वितीयेची, दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सात-साडेसातला ओहोटी, आणि तीही पाणी दूर नेणारी. दुसऱ्या दिवशी आठ. मुलांना समुद्र दाखवायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात नाही.

पायांत घट्ट बूट किंवा चपला असाव्यात. शेवाळ्यावर पाय घसरतो. एका मोठ्या माणसाने तोंड सदैव समुद्राकडे ठेवावे. जिवंत शंख उचलू नये, झारीला हात लावू नये, दगड उलटला तर तो होता तसा परत ठेवावा. पाणी वळले की आपणही वळावे. आणि गावातली एखादी कालवे काढणारी आजी किंवा जाळे विणणारे आजोबा भेटले, तर त्यांना नमस्कार करून बरोबर यायची विनंती करावी. पुस्तक घरी राहिले तरी चालेल.